‘अकस्मात मृत्यू’ नव्हे: गटारात गेलेल्यांच्या घरच्यांची लढाई

२३ डिसेंबर २०१९ रोजी मुंबईत, गोवंडीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले तीन कामगार जिवंत वर आले नाहीत. काम कंत्राटदारामार्फत दिलेलं होतं. अशा मृत्यूनंतर पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, अंत्यविधीच्या खर्चाला म्हणून कुणीतरी थोडे पैसे हातावर ठेवतं आणि वर सांगतं, ‘गेलेला माणूस काही परत येत नाही, आता मिटवून टाका.’ या तिघांच्या बायकांनी मिटवून टाकलं नाही. त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. १७ सप्टेंबर २०२१ रोजी न्या. उज्जल भुयान आणि न्या. माधव जामदार यांच्या खंडपीठाने निकाल दिला: प्रत्येकीला दहा लाख रुपये भरपाई मिळाली पाहिजे, टाकी खाजगी सोसायटीची असली तरी ती देण्याची जबाबदारी राज्य सरकारची आहे, आणि सरकारने ती रक्कम नंतर दोषींकडून वसूल करावी.

हा निकाल महत्त्वाचा का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबई राज्य सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या जीवनमानाची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे केंद्राने १९५७ मध्ये मलकानी समिती नेमली. तिकडे कोकणात अप्पासाहेब पटवर्धन भंगीमुक्तीसाठी झटत होते. कणकवलीच्या गोपुरीत माणसाला मैला उचलावा लागणार नाही असा संडास त्यांनी लोकांना बांधून दाखवला. या सगळ्यांची नजर होती डोक्यावरच्या पाटीवर आणि टोपलीच्या संडासावर. ती असायलाच हवी होती, कारण त्याहून मोठा अपमान दुसरा नव्हता. उपाय म्हणून पुढे आले फ्लशचे संडास, भूमिगत गटारं आणि घराखालची टाकी. पण गटार तुंबतं, टाकी भरते, आणि ती मोकळी करायला कोण उतरणार याचा विचार कुणी कायद्यात लिहिला नाही. पाटी डोक्यावरून खाली आली आणि त्याच जातींतला, त्याच वस्त्यांतला माणूस जमिनीखाली गेला.

१९९३चा पहिला केंद्रीय कायदासुद्धा कोरड्या, म्हणजे मैला हाताने काढावा लागतो अशा बिनपाण्याच्या संडासांपुरताच होता. तो २६ जानेवारी १९९७ला ज्या पहिल्या सहा राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मॅनहोलमध्ये उतरणारा कामगार मात्र त्यात कुठेच नव्हता. त्याच्या घरच्यांना दार उरलं ते १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं. तिथे पहिला प्रश्न यायचा तो मालक कोण हा. नाक्यावरून रोजावर उचललेल्या माणसाकडे ना हजेरीपट, ना पगाराची पावती. तो कुणाचा कामगार होता हे सिद्ध करायचं ओझं त्याच्या विधवेवर.

आपल्याकडे बोलताना सेप्टिक टँकला सर्रास ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. त्या टाकीत काय असतं ते नीट सांगायला हवं, कारण कामगार हलगर्जीपणाने मेला हे वाक्य फार सहज उच्चारलं जातं. मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. बंद जागेत प्राणवायू कमी झालेला असतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच बधिर होते. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा आत उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला, हवा बरी आहे. अंगात चड्डी, हातात बांबूची कामटी आणि बादली घेऊन तो शिडी उतरतो. टाकीतला गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वर उभा असलेला भाऊ किंवा साथीदार हाक मारतो, उत्तर येत नाही, आणि तो वाचवायला म्हणून तसाच खाली उतरतो. एकाच टाकीत तीन, चार, पाच प्रेतं सापडतात ती अशी. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात एका शेतातली शौचालयाची टाकी साफ करताना पाच जण गेले. गॅस मोजायचं साधं यंत्र आणि कमरेला बांधलेला दोर एवढ्या दोन गोष्टींनी यातले कितीतरी जीव वाचले असते, म्हणून याला अपघात म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पोलीस ठाण्यात मात्र बहुतेकदा पहिली नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ अशीच. घरच्यांची खरी लढाई इथून सुरू होते. या नोंदीवर प्रकरण थांबलं तर गुन्हा उरत नाही, आरोपी उरत नाही, आणि भरपाईच्या अर्जाला जोडायला कागदही उरत नाही. ठाण्यासमोर बसून एफआयआर नोंदवून घेणं हे या बायकांचं, आईबापांचं, भावांचं पहिलं काम.

देशपातळीवर या दुःखाला एकत्र आणलं ते ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ या संघटनेने. बेजवाडा विल्सन आणि त्यांच्या साथीदारांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती अकरा वर्षं चालली. दरम्यान संसदेने नवा कायदा केला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंमलात आला. गटार आणि सेप्टिक टँकमधली ‘धोकादायक सफाई’ या कायद्याने पहिल्यांदा गुन्हा ठरवली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातही एक फट राहिली: सुरक्षेची साधनं देऊन माणसाला उतरवलं, तर ती सफाई धोकादायक धरली जात नाही.

२७ मार्च २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९९३ पासून गटारात आणि टाक्यांत मेलेल्या प्रत्येक कामगाराचं कुटुंब शोधून काढा आणि दहा लाख रुपये द्या. ‘शोधून काढा’ हे शब्द सरकारला उद्देशून होते. प्रत्यक्षात शोधायचं काम पडलं संघटनांवर आणि घरच्यांवर. वीस वर्षांपूर्वी नवरा गेलेल्या बाईने आता शवविच्छेदनाचा अहवाल आणायचा कुठून? वारस दाखला, मृत्यूचा दाखला, तेव्हाची पोलीस नोंद, असला तर वर्तमानपत्रातला एखादा पिवळा पडलेला तुकडा. ज्या घरात यातलं काही जपून ठेवलेलं होतं त्या घराचा मृत्यू मोजला गेला. बाकीचे मृत्यू मोजलेच गेले नाहीत.

आंबेडकरांच्या १२५व्या जयंतीच्या निमित्ताने आंदोलनाने १२५ दिवसांची भीम यात्रा काढली. १० डिसेंबर २०१५ला दिब्रुगडहून निघून ती १३ एप्रिल २०१६ला दिल्लीत पोचली. ‘आम्हाला मारणं थांबवा’ ही तिची घोषणा. भरपाईची मागणी त्यानंतर येते, हा क्रम विसरता कामा नये. पैसे मागायला आलेत असं या कुटुंबांबद्दल बोललं जातं तेव्हा मला राग येतो. त्यांची पहिली मागणी कायम हीच राहिली आहे की आता दुसऱ्या कुणाच्या घरातलं माणूस खाली उतरवू नका. कायद्याने त्यांच्या पदरात पडतं ते मात्र बहुतेकदा पैशातच पडतं.

२०२१च्या पावसाळी अधिवेशनात केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की हाताने मैला साफ करताना एकाही मृत्यूची नोंद नाही. गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ९४१ मृत्यू झाल्याची कबुली त्याच अधिवेशनात दिली. दोन्ही उत्तरं एकत्र खरी ठरतात, कारण कागदावर हे दोन प्रकार वेगळे मानले जातात. गेलेल्यांच्या घरी हा फरक कुणाला समजावून सांगणार? गोवंडीच्या तिघींचा निकाल या उत्तरांनंतर काही आठवड्यांतच आला. ‘खाजगी सोसायटीची टाकी, खाजगी कंत्राटदार, सरकारचा काय संबंध’ ही पळवाट त्या निकालाने मुंबईपुरती तरी बंद केली. शहरातल्या हजारो सोसायट्यांचं काम याच पद्धतीने चालतं, म्हणून तिघींची याचिका तिघींपुरती राहिली नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे पालिकेच्या कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या हक्कासाठी संघटना आजही भांडतात आणि ते रास्तच आहे, कारण घराला दुसरा आधार नसतो. पण बाप ज्या कामात गेला, तेच काम मुलाच्या वाट्याला येतं. आईने सही करायची ती या कागदावर. कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या घरी तर तोही कागद येत नाही.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. रवींद्र भट आणि न्या. अरविंद कुमार यांनी मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. त्याच सुमारास केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण करून घेतलं. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचं एकही साधन नव्हतं. ३८ जणांना व्यक्तिशः, कुठल्याही संस्थेच्या नोंदीशिवाय कामाला बोलावलेलं होतं. २०१३ मध्ये कायदा झाला, नियमांत साधनांची लांबलचक यादी आली, आणि माणूस तसाच उघड्या अंगाने उतरत राहिला.

२९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत माणसाला गटारात उतरवायला पूर्ण बंदी घातली. साधनं दिली तर चालेल, ही सवलत तिथे उरली नाही. गोवंडी त्या यादीत येते. सोनपेठ येत नाही.