क्लोरीन की क्लोराइड? फ्लोमीटर घेण्याआधी

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या दुकानांत फ्लोमीटर (पाइपातून किती पाणी वाहतं ते मोजणारा मीटर) घ्यायला आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘पाण्यात क्लोरीन आहे, ३१६चाच द्या.’ (३१६ आणि ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती.) आणि क्लोराइड किती, असं विचारलं की म्हणतो, तेच ते!

तेच ते नाही. क्लोरीन आपण घालतो. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, टाकल्यावर जो वास येतो, ओटीच्या (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन तपासायचं रसायन) थेंबांनी जे पाणी पिवळं होतं, तो हा. बादली उघडी ठेवली की हळूहळू उडून जातो. क्लोराइड म्हणजे मिठातला भाग. वास नाही, पाणी उकळलं तरी जात नाही, उलट पाणी आटेल तसा दाट होतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम लागतो. क्लोराइड मात्र २५०पर्यंतच बरा.

क्लोरीन आधी रबराला धरतो. नायट्राइल रबराची ओ-रिंग (सांधा बंद करणारी गोल कडी) कडक होऊन चिरते, म्हणून ईपीडीएम या दुसऱ्या रबराची मागावी. क्लोराइड स्टीलचा वैरी. स्टेनलेसवरचा पातळ थर फोडून तो टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो, तीही गॅस्केटखाली नि वेल्डजवळ, म्हणजे जिथे नजर जात नाही तिथे. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४मध्ये नसतं. सगळा फरक तिथला. ढोबळ हिशेब असा: गार पाण्यात ३०४ लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत, ३१६ साधारण १०००पर्यंत. सोबत क्लोरीन जास्त असेल तर ही मर्यादा खाली येते. चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, त्यासाठी मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी करावी.

गंगापूर धरणाचं पाणी गोडं. त्यावर ३०४ने भागतं. बोअरवेलचं असेल तर आधी क्लोराइडचा रिपोर्ट मागवा, मग भाव विचारा.

हायपोच्या डोसिंग लाइनला (ज्या नळीतून हायपो पाण्यात सोडतात तिला) मात्र ३१६सुद्धा नको. मी एकदा ३१६च्या इलेक्ट्रोडचा (आत द्रवाला टेकणाऱ्या धातूच्या खुंट्यांचा) मीटर तिथे बसवला होता. काही महिन्यांत इलेक्ट्रोडपाशी गळायला लागला. तिथे आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर आणि इलेक्ट्रोड टायटॅनियमचे हवेत. पण हा टायटॅनियम सिलिंडरच्या कोरड्या क्लोरीन गॅसवर चुकूनही लावू नये, पेट घेतो. त्या लाइनला साधं कार्बन स्टील चालतं, फक्त आत ओल शिरता कामा नये.