जात्यावरची ओवी

जात्यावरची ओवी म्हणजे पहाटे दळण दळताना बायका म्हणायच्या ती गाणी. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत रोजच्या भाकरीचं पीठ घरीच निघायचं, त्यामुळे कोंबडं आरवायच्या आधी उठून जात्यापाशी बसायचं, एका हाताने खुंटा धरून जातं फिरवायचं, दुसऱ्या हाताने मूठमूठ ज्वारी-बाजरी जात्याच्या तोंडात टाकायची (याला वैरण घालणं म्हणतात) आणि त्या घरघरीच्या लयीतच ओवी यायची. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या, एकीने सुरू केलं की दुसरीने उचलायचं.

हे लई जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख सापडतो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सुद्धा दीडेकशे वर्षं आधी.

पहिली ओवी बहुतेक देवाची, मग पंढरीची वाट, सीतेचा वनवास, माहेर, भाऊ, सासूचा जाच, सगळं एकाच दळणात. दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेबही येतात. विठ्ठलाला हाक मारायची ती सख्ख्या भावाला मारावी तशी. भजनाला वेगळा वेळ कुणी मागितला नाही, मागून मिळणारही नव्हता, म्हणून जो वेळ कामात जात होता तोच देवाला दिला. संत जनाबाई 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' म्हणते ते यातूनच. तिच्या कथेत विठ्ठल स्वतः जात्याला हात लावतो, तिला कामातून सोडवत नाही, तर सोबत दळायला बसतो! पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून एक जातं दाखवतात, वारकरी ते फिरवून येतात.

आता हे सगळं ऐकायला गोड वाटतं पण खांदे भरून यायचे, बाळंतिणीलाही फार दिवस सुटका नसायची, आणि ओव्यांत तक्रार भरपूर आहे. भक्ती आणि कुरकुर एकाच गळ्यातून, त्यात कुणाला विसंगत असं काही वाटत नसे.

गिरणी आल्यावर हात मोकळे झाले आणि ओवी मागे पडली, कारण खुंटा हातात असल्याशिवाय ती नीट आठवतच नाही असं म्हाताऱ्या बायका सांगतात. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यातल्या काही आता 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकता येतात.

लग्नघरात जातं अजून लागतं. त्याला हळदकुंकू लावतात, सुवासिनी मिळून हळकुंडं दळतात, फ्लॅटमध्ये असेल तर कुणाकडून तरी छोटंसं जातं मागून आणतात, आणि ओवी म्हणणारी आजी नसेल तर मोबाईलवर लावतात.