मठातल्या खुनांमागचा वाद: १३२७ च्या आधी काय घडलं होतं

उम्बेर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोझ’, म्हणजे १३२७ सालच्या इटलीतल्या मठातल्या खुनांची कादंबरी, वाचताना सगळं लक्ष खुनी कोण यावरच जातं, पण तो इंग्लिश पंडित मठात मुळात येतो तो पोपची माणसं आणि फ्रान्सिस्कन संघ (संत फ्रान्सिसच्या भिक्षूंचा संघ) यांची बोलणी जमवायला. ती बोलणी कशावरून अडली होती हे माहीत नसेल तर अर्धी गोष्ट निसटते.

वाद अपरिग्रहाचा. भिक्षूने काहीच स्वतःचं ठेवायचं नाही, एकट्याने नाही आणि संघ म्हणूनही नाही. पण संघ वाढला, चर्चेस झाली, पुस्तकं आली, मग हे सगळं कोणाचं? १२४५ मध्ये तोड निघाली की मालकी पोपची, भिक्षूंची नुसती वहिवाट. १२७९ मध्ये त्यावर पक्का शिक्का बसला.

१३१६ ला निवडून आलेला पोप जॉन बाविसावा कायद्यात मुरलेला, मुक्काम रोमला नाही, फ्रान्सकडच्या आव्हिन्योंला. व्रत कडक पाळणाऱ्या भिक्षूंनी गरिबीची खूण म्हणून घातलेले तोकडे झगे सोडा, संघाने धान्याची कोठारं ठेवणं मान्य करा हा त्याचा हुकूम मानला नाही म्हणून १३१८ मध्ये मार्सेलला ४ भिक्षूंना जाळलं. आणि डिसेंबर १३२२ मध्ये त्याने संघाच्या वस्तूंवरची पोपची मालकीच सोडून दिली. म्हणे अंडं, चीज, पावाचा तुकडा खाऊन संपतो, त्याची मालकी रोमची (म्हणजे पोपची) आणि वहिवाट भिक्षूची असं कोण शहाणा मानेल? मुद्दा बिनतोड आहे, मान्य, पण त्या एका सहीने समोरचा घासही भिक्षूच्या मालकीचा ठरला आणि व्रत मोडलं, माझ्या मते हा सरळसरळ कोंडीत पकडायचा डाव होता. विरोध करायला गेलेल्या भिक्षूला तुरुंगात टाकलं, तरी पोपला थोडं मागे यावं लागलंच, चर्चेस आणि पूजेची भांडी वगैरेंची मालकी त्याने परत स्वतःकडे ठेवली. पण नोव्हेंबर १३२३ मध्ये जाहीर केलं की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांकडे स्वतःचं काहीच नव्हतं असं हट्टाने म्हणणं म्हणजे पाखंड. इथे तडजोडीची वाट बंद झाली.

१३२४ ला ऑक्सफर्डचा एक तर्कपंडित, फ्रान्सिस्कन भिक्षू विल्यम ऑफ ऑकम, स्वतःच्या शिकवणुकीच्या चौकशीसाठी आव्हिन्योंला आला, कादंबरीतला पंडित याचाच मित्र दाखवलाय. पोपची ही १३२२-२३ ची आज्ञापत्रं त्याने बरीच वर्षं वाचलीही नव्हती, पुढे संघप्रमुखाने सांगितलं म्हणून वाचली आणि त्याचं मत पक्कं झालं की पाखंडी खुद्द पोपच आहे. २६ मे १३२८ च्या रात्री तो संघप्रमुखासोबत पळाला, इटलीतल्या पिसाला पोपशी भांडण असलेल्या लुडविग बादशहाला जाऊन मिळाला आणि नंतर म्युनिकला बसून पोपच्या पुढच्या आज्ञापत्रातलं एकेक वाक्य घेऊन खोडून काढलं.