पायाच्या धमन्यांतील रचनाभेद आणि अंतर्वाहिनी उपचार

पायाची तुंबलेली धमनी चिरून न उघडता, सुईच्या छिद्रातून तार, फुगवता येणारा बलून आणि गरज पडल्यास स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) आत नेऊन मोकळी करण्याला अंतर्वाहिनी उपचार म्हणतात. अमेरिकेत पोर्टलंड येथे क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली ८२ वर्षांच्या एका महिलेची मांडीतील धमनी अशा रीतीने रुंदावली. त्या पाय कापून घ्यायला तयार नव्हत्या. त्या वेळी बलून नव्हता, एकावर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या होत्या. डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटझिग यांचा बलून १९७४ मध्ये आला.

धमनी नेहमीच्या जागी नसली, की खरी अडचण वाट शोधण्याची असते. याचे ठळक उदाहरण म्हणजे टिकून राहिलेली सायॅटिक धमनी. गर्भात सुरुवातीला पायाला हीच रक्त पुरवते आणि फीमोरल धमनी (जांघेतून मांडीत उतरणारी मुख्य धमनी) वाढली की विरून जाते. हजारात एकापेक्षाही कमी जणांत ती उरते, कुल्ल्यातून सायॅटिक मज्जातंतूच्या शेजारून मांडीमागे उतरते आणि बहुधा पायाचा मुख्य पुरवठा सांभाळते. अशा वेळी फीमोरल धमनी बारीक असते, कधी मांडीतच संपते. त्यामुळे त्याच बाजूच्या जांघेतून तार खाली सरकवून उपयोग नसतो. ती दुसऱ्या जांघेतून महाधमनीच्या दुभाजनावरून वळवून अंतर्गत इलियाक धमनीत (ओटीपोटातील धमनी, जिच्यातून सायॅटिक धमनी निघते) उतरवावी लागते, नाहीतर गुडघ्यामागून वर चढवावी लागते. जांघेत नाडी नाही पण गुडघ्यामागे आहे, या लक्षणाला कोवीची खूण म्हणतात. मात्र धमनीच तुंबली की दोन्ही नाड्या जातात आणि खूण कामाची राहत नाही. म्हणून आधी पोटापासून पावलांपर्यंत सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारे सीटी स्कॅन) हवी. दोन्ही पाय पाहावेत, कारण हा दोष दोन्हीकडे असू शकतो. बसताना ही धमनी कुल्ल्याखाली दाबली जाते. तिथे फुगवटा होऊन गुठळ्या पोटरीत उतरतात. आवरण असलेला स्टेंट फुगवटा बंद करतो, पण त्याच दाबाने तो वाकण्याचा धोका असतो.

गुडघ्याखालचे भेद जास्त आढळतात. पुढची टिबियल धमनी (नडगीच्या पुढून पावलाकडे जाणारी) नेहमीपेक्षा वरूनच फाटा घेऊन निघाली असेल, तर गुडघ्यामागे स्टेंट बसवताना तिचे तोंड झाकले जाऊ शकते. कधी पेरोनियल धमनी (पोटरीच्या बाहेरच्या बाजूची) एकटीच पाऊल जगवते; तिथे तार जपून फिरवावी लागते, कारण ही धमनी दुखावली तर पर्याय उरत नाही.

तरुण, धूम्रपान न करणाऱ्याची पोटरी चालताना भरून येत असेल, तर गुडघ्यामागची धमनी स्नायूत अडकल्याची शंका घ्यावी. तिथे स्टेंट चुकीचा: बाहेरचा स्नायू त्याला चेमटवत राहतो. ताजी गुठळी कॅथेटरमधून (धमनीत घातलेल्या बारीक नळीतून) औषध सोडून विरघळवता येते, पण स्नायू शस्त्रक्रियेनेच सोडवावा लागतो.