चिनी स्थलांतरित दांपत्ये आणि घरगुती हिंसा

परदेशात बस्तान बसवताना चिनी पती-पत्नींच्या नात्यावर येणारा ताण आणि घरात होणारी मारहाण, धाकदपटशा व पैशांची कोंडी यांचा हा विषय. येथे विचार अमेरिकेपुरता केला आहे.

१८७५ च्या पेज कायद्याने चिनी बायकांचे अमेरिकेत येणे जवळपास थांबले. १८८२ च्या प्रवेशबंदीने मजुरांनाही दार लागले. बंदी १९४३ मध्ये उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांनाच प्रवेश होता. संसार मोठ्या संख्येने आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर.

न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये नवरा हॉटेलच्या भटारखान्यात आणि बायको शिलाईच्या कारखान्यात, ही अनेक घरांची रीत. साऱ्या कुटुंबाचा आरोग्यविमा बहुधा बायकोच्या कामगार संघटनेमुळे मिळे. १९८२ मध्ये तिथले सुमारे २०,००० शिलाई कामगार संपावर गेले. त्यांत बहुतेक चिनी बायकाच होत्या. कर्तेपण असे हातचे जाताना काही नवरे ते हात उगारून टिकवू पाहत. अर्थात, तशाच ओढगस्तीत हात न उगारणारेही होतेच.

घरची लक्तरे बाहेर नेऊ नयेत, अशा अर्थाची चिनी म्हण आहे. मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. पण ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हणून हात झटकणे धोक्याचे. १९८७ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका चिनी नवऱ्याने व्यभिचाराच्या संशयावरून हातोडीने बायकोचा जीव घेतला. चिनी समाजात बायकोचा व्यभिचार नवऱ्याला किती लाजिरवाणा मानतात, हे बचाव पक्षाच्या मानववंशशास्त्रज्ञाने कोर्टात सांगितले. ही साक्ष धरून न्यायाधीशांनी १९८९ मध्ये आरोपीला तुरुंगवास दिला नाही. पाच वर्षांच्या देखरेखीवर तो सुटला. आशियाई स्त्री-संघटना खवळल्या. त्याच तज्ज्ञाचे दुसरे म्हणणे मात्र फारसे आठवले जात नाही: चीनमध्ये शेजारीपाजारी मध्ये पडून अशा नवऱ्याला आवरतात. स्थलांतरात तुटतो तो हाच शेजार. चीनमध्येही २०१६ पासून घरगुती हिंसाचारविरोधी कायदा लागू आहे.

व्हिसाचा फास वेगळाच. नवऱ्याने कागदपत्रे अडवली की बायको अडकते. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल, तर स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने पीडित पत्नीला त्याच्या सहीविना कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला ही वाट नाही. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या तिच्या एच-४ व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरीचीही मुभा नव्हती. नंतर ती काहींनाच मिळाली. पुण्या-मुंबईहून गेलेल्या अनेक मराठी बायकांच्या पासपोर्टवर हाच शिक्का असतो.