वन्यजीव चित्रांच्या प्रिंट: मूल्यमापन आणि निगा

घरातली वाघाची, गरुडाची किंवा हत्तींच्या कळपाची प्रिंट आमच्याकडे आली की पहिला प्रश्न असतो, "हिचे किती येतील?" उत्तर देण्याआधी आम्ही ती उलटी करून मागची बाजू पाहतो. चित्रकाराचे नाव महत्त्वाचे आहेच, पण एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींच्या किमतीत मोठा फरक पडतो तो बहुधा कागदाच्या अवस्थेमुळे.

प्रिंट कशी छापली आहे?

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. ऑफसेट छपाईत निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक जाळीत दिसतात. इंकजेटवरच्या, म्हणजे 'जिक्ले' प्रतीत अशी जाळी नसते, शाईचे बारीक तुषार विखुरलेले असतात. जुन्या ताम्रपटाच्या, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून केलेल्या छपाईत कोरलेल्या रेषा सलग दिसतात. अमेरिकन पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबन यांची 435 पक्षिचित्रे 1827 ते 1838 या काळात ताम्रपटांवरून छापली गेली आणि मग हाताने रंगवली गेली. त्यांच्या प्रतिकृती पुढे भरपूर निघाल्या. तुमच्या प्रतीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती त्या मूळ छपाईतली नाही, मग कागद कितीही पिवळा पडलेला असो.

समासातला 120/500 हा आकडा सांगतो की 500 प्रतींपैकी ही 120 क्रमांकाची. ऑफसेट प्रिंटमध्ये लहान क्रमांक म्हणजे आधीची, सरस छपाई असे नसते, कारण क्रमांक छापून झाल्यावर घातले जातात. 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांवर भाळू नका. हजारो प्रतींची आवृत्तीसुद्धा मर्यादितच म्हणवते. सही पेन्सिलीची असेल तर तिरप्या उजेडात शिशाची चमक दिसते. छापलेली सही भिंगाखाली बाकीच्या चित्रासारखीच ठिपक्यांची निघते.

कृपया समास कापू नका

फ्रेममध्ये बसत नाही म्हणून कडा कापलेल्या प्रिंट पाहिल्या की आम्हाला खरोखर वाईट वाटते. क्रमांक, सही, प्रकाशकाची नोंद हे सगळे त्या कोऱ्या पट्टीतच असते. कापलेला समास परत येत नाही. पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेली प्रिंटही तशीच अडकते. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी होतो.

उजेड आणि दमट हवा

उजेडाने झालेले नुकसान साठत जाते आणि भरून येत नाही. स्वस्त छपाईत पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात. वाघाचा केशरी रंग या दोन्हींतून बनतो, म्हणून वाघ फिका पडतो आणि मागचे निळे डोंगर मात्र तसेच राहतात. रंग उडालाय का ते पाहायचे तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या कडेचा रंग उघड्या भागाशी ताडून पाहा. अतिनील किरण अडवणारी काच उपयोगी आहे, पण तिच्यातूनही उजेड आत येतोच. म्हणून थेट ऊन पडणारी भिंत टाळा. संग्रहालये कागदावरच्या कलाकृतींसाठी साधारण 50 लक्स इतका मंद उजेड ठेवतात.

स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि ओल धरणारी भिंतही नको. दमटपणाने कागदावर तपकिरी ठिपके उठतात, बुरशी धरते, कसर लागते. माउंट आम्लमुक्त असावा. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल, माउंटमध्ये चित्र दिसण्यासाठी कापलेल्या खिडकीच्या कडेने, पिवळी रेघ उमटवते. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर शाई काचेला चिकटते. पुसताना द्रावण कापडावर घ्या, काचेवर फवारू नका.

आमच्याकडे येताना

प्रिंट फ्रेममधून काढू नका, डाग स्वतः पुसू नका. खरेदीची पावती, प्रमाणपत्र, मागची जुनी चिठ्ठी असेल तर सोबत आणा. मूल्यमापन विम्यासाठी हवे की विक्रीसाठी, ते आधी सांगा. विम्यात तशीच प्रत पुन्हा मिळवायला किती लागतील ते पाहतात, विक्रीत आज गिऱ्हाईक किती देईल ते, आणि दुसरा आकडा बहुधा कमी असतो. ज्या प्रिंटची किंमत आम्ही काढतो, ती आम्ही विकत घेत नाही.