चर्चमध्ये लग्न करायचंय? हॉलच्या आधी फादरांना भेटा

डिसेंबर-जानेवारीच्या लग्नासाठी हॉल जूनमध्येच बुक होतो, केटररला आगाऊ रक्कम जाते, बँड ठरतो. फादरांना मात्र माणसं भेटतात ऑक्टोबरात. वसईत आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली मंडळी) विवाहपूर्व शिबिराला मदत करताना मी हे दर वर्षी बघते. तोवर शिबिराची तारीख निघून गेलेली असते, बाप्तिस्म्याचा दाखला दुसऱ्या गावच्या चर्चमधून यायचा असतो आणि घरात नुसती धावपळ. म्हणून क्रम उलटा ठेवा. निदान सहा महिने आधी दोघांनी मिळून प्रमुख धर्मगुरूंना भेटायचं, तारीख त्यांच्याकडून पक्की करायची, मगच हॉलवाल्याकडे जायचं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, लग्नं सहसा ठेवत नाहीत आणि शुभ शुक्रवार व त्यानंतरच्या शनिवारी लग्न लागतच नाही, हेही तारीख बघताना लक्षात असू द्या.

ही माहिती महाराष्ट्रातल्या कॅथलिक लग्नाची आहे. गोव्यात नागरी नोंदणीचा क्रम निराळा आहे, तिथे आधी नागरी निबंधकाकडे जावं लागतं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आपापले नियम असतात, मात्र १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा त्यांनाही लागू आहे.

कोण लग्न करू शकतं, याचं उत्तर कायदा आणि चर्च दोघंही देतात. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ वर्षांची पूर्ण हवी. दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात आणि ते लग्न कायम असता कामा नये. नात्याचंही बघावं लागतं. आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ असं लग्न काही समाजांत चालतं, पण चर्चच्या नियमात सख्खी चुलत, मामे, आते, मावस भावंडं म्हणजे विवाहबाधा. त्यासाठी बिशपांकडून सूट मिळवावी लागते आणि ती मिळेलच असं धरून चालू नये. नातं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

सगळ्यात मोठी अट मात्र कागदावर मावत नाही. दोघांची मनापासूनची, कुणाच्याही दबावाखाली नसलेली संमती हवी. आपल्या लॅटिन परंपरेत विवाह संस्कार फादर देत नाहीत, नवरा-नवरी तो एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात. ते ‘हो’ खरं नसेल तर फुलं, मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी), गाणी सगळं होऊनही लग्न झालेलं नसतं. म्हणूनच फादर दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात आणि फॉर्मवर सह्या घेतात. कुणी जबरदस्ती केली आहे का? हे बंधन जन्मभराचं आहे हे मान्य आहे का? मुलं हवीत का? एकनिष्ठ राहणार का? एका मुलीने त्या खोलीत पहिल्यांदाच सांगितलं की तिला हे लग्न नको आहे. पत्रिका छापून झाल्या होत्या. ते लग्न थांबलं, आणि थांबलं ते योग्यच झालं असं मला आजही वाटतं.

आता कागदपत्रं. बाप्तिस्म्याचा दाखला घरच्या फाइलमधला जुना चालत नाही, सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला लागतो. याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, तिथल्या नोंदवहीत तुमच्या नावापुढच्या समासात पुढचे संस्कार लिहून ठेवतात: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, कन्फर्मेशन) झालं, लग्न झालं, कुठे, कोणत्या तारखेला. ताज्या दाखल्यात तो समास उतरून येतो. समास लग्नाच्या नोंदीपुरता कोरा असेल तर तुम्ही अविवाहित आहात याचा चर्चपाशी तो पुरावा असतो. मी ती जाडजूड वही पाहिली आहे. आजोबांचं नाव, त्यांच्या ‘गॉडफादर’चं नाव आणि बाजूला वेगळ्या शाईत आजीशी झालेल्या लग्नाची एक ओळ.

दृढीकरणाचा दाखलाही लागतो. दृढीकरण राहिलं असेल तर फार अडचण नसल्यास लग्नाआधी ते घ्यावं, असा नियम आहे. त्याखेरीज विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, आधार कार्ड, वयाचा पुरावा, फोटो, दोन साक्षीदारांची नावं आणि ओळखपत्रं द्यायची असतात. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात असेल तर आपल्या फादरांचं ना-हरकत पत्र घ्या. आखातात किंवा परदेशात राहत असाल तर तिथल्या धर्मग्रामाचं, विवाहाला अडथळा नसल्याचं पत्र मागतील, आणि त्याला वेळ लागतो. काही कागद धर्मग्रामागणिक बदलतात, तेव्हा ऑफिसातून लेखी यादीच घ्या. आणि घरी बसून एकदा स्पेलिंग तपासा. दाखल्यावर डिसोझा ‘झेड’ने आणि आधारवर ‘एस’ने, हा घोळ पुढे व्हिसाच्या वेळी फार त्रास देतो.

विधुर किंवा विधवा असाल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला द्यायचा. घटस्फोट झालेला असेल तर मात्र दोन स्वतंत्र वाटा आहेत. कोर्टाचा घटस्फोट चर्चच्या दृष्टीने विवाहबंधन सोडवत नाही. चर्चच्या न्यायमंडळाने आधीचं लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरवावं लागतं. उलट, चर्चचा तो निर्णय कायद्यात घटस्फोट ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केलं आहे. दोन्ही लागतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली, निकालावर दुसऱ्या न्यायमंडळाची मोहोर घेण्याची सक्ती काढली. अशा माणसांनी लाजून मागे राहू नये, थेट फादरांशी बोलावं.

जोडीदार हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध असेल तर धर्मांतराची अट नाही. बिशपांची सूट लागते आणि त्यासाठी कॅथलिक व्यक्ती दोन गोष्टींचं वचन देते: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा माझ्याकडून होईल तेवढा प्रयत्न करीन. समोरच्याला हे वचन नीट समजावून सांगतात, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती जोडीदार असेल तर परवानगी पुरते.

शिबिराकडे ‘एक प्रमाणपत्र’ म्हणून बघू नका, ही माझी कळकळीची विनंती. तिथे पैसे, सासर, मुलं, व्यसन, शरीरसंबंध या सगळ्यावर मोकळं बोलणं होतं. आणि एक शिकवण मिळते जी मी स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षांनी समजले. कॅथलिक धर्मशिक्षणात सातांपैकी दोन संस्कार दुसऱ्यांच्या तारणासाठी आहेत असं सांगितलं आहे: याजकपद आणि विवाह. म्हणजे तुमच्या जोडीदाराला देवाजवळ नेण्यात तुमचा हात असायचा आहे. संत पौलाने इफिसकरांच्या पत्रात पतीला ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करायला सांगितलं, आणि ख्रिस्ताने तर स्वतःला देऊन टाकलं. भांडणानंतर आधी बोलणं, आजारी सासूचं अंथरूण बदलणं, रात्री दोघांनी मिळून एक प्रार्थना म्हणणं, आध्यात्मिक वाढ अशीच होते. लुई आणि झेली मार्टिन या फ्रेंच जोडप्याला २०१५ मध्ये एकत्र संतपद मिळालं, ते घड्याळं आणि लेस विकणारे संसारी लोक होते. लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोघांनी प्रायश्चित्त संस्कार (फादरांपाशी पापांची कबुली) घ्यावा तो याचसाठी.

लग्नाआधी चर्चमध्ये दोघांच्या ठरलेल्या लग्नाची घोषणा होते, रूढीप्रमाणे तीन रविवार. कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे. कायद्याने लग्नाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७, त्यानंतर लावायचं तर बिशपांची परवानगी लागते. सह्या नोंदवहीत होतात, चर्चचा दाखला मिळतो. शिवाय महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे नमुना ‘ड’ भरून ९० दिवसांत नोंदणी करून घ्या. तिथे तीन साक्षीदार लागतात, चर्चमधल्या दोघांवर भागत नाही.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या चर्चमध्ये एक फोन करा. लग्नाची सूचना तिकडे पोचली का, समासात ती ओळ लिहिली गेली का, विचारून घ्या.